तुम्ही विचारलंत म्हणून: नेब्रास्का अजून का बघतोस?

दर गणपतीला कुणीतरी विचारतंच. हातात मोदकाची प्लेट, नजर माझ्या लाल टी-शर्टवर, "काय हो, तुमचं नेब्रास्का परवा पण हरलं ना? कशाला बघता मग?" वीस वर्षं हसून सोडून दिलं, आता एकदाचं सांगून टाकतो. नेब्रास्का म्हणजे अमेरिकेतल्या त्या राज्याच्या युनिव्हर्सिटीची, लिंकन शहरातली अमेरिकन फुटबॉलची टीम.

पाच नॅशनल टायटल, 70, 71, 94, 95, 97, ते तुम्हाला माहितीय, उगाळत बसत नाही. आणि कॉलेजच्या पोरांच्या मॅचला 85 हजार माणसं का येतात हे कोल्हापूरच्या माणसाला तरी विचारू नका राव. शाहू स्टेडियमवर फुटबॉलला शिवाजी तरुण मंडळ आणि पाटाकडील तालीम समोरासमोर आले की पेठेत काय होतं ते बघत मोठा झालोय मी. इथं बॉल हातात घेऊन पळतात एवढंच पचायला दोन आठवडे गेले. बाकी सगळं ओळखीचं. आख्ख्या राज्यात एक मोठी प्रोफेशनल टीम नाही, जे काय आहे ते लिंकनचं हे स्टेडियम, आणि खेड्यापाड्यातली पोरं स्कॉलरशिप नसताना नुसतं टीममध्ये असावं म्हणून घाम गाळायला येतात, त्यांना वॉक-ऑन म्हणतात. तालीमच की ही.

2003 च्या ऑगस्टमध्ये एमएसला आलो आणि एका म्हाताऱ्याच्या बेसमेंटमध्ये राहिलो. तोंडावर सर म्हणायचो, मनात आजोबा. त्यांच्या घरात 1962 पासूनची सीझन तिकिटं, म्हणजे जेव्हापासून एकही होम गेम तिकिटं न संपता झालेला नाही तेव्हापासूनची. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला काय सांगितलं असेल? टायटल नाही. 84 चा ऑरेंज बोल. बोल गेम म्हणजे सीझन संपल्यावर निवडक टीमना मिळणारी मोठी मॅच. शेवटी एक पॉइंटची किक मारून बरोबरी केली असती तर टायटल जवळजवळ आपलंच होतं, पण कोच टॉम ओस्बोर्न म्हणाला जिंकायलाच खेळायचं, दोन पॉइंटच्या डावाला गेला, पास अडला, मायामी 31-30. हे सांगताना आजोबा असे ताठ बसले होते की मला वाटलं जिंकलेच.

तर त्या नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगनंतरचा शनिवार. आदल्या दिवशी आम्ही कोलोरॅडोला हरवलेलं, सीझन 9-3, म्हणजे नऊ जिंकल्या, तीन हरल्या. रात्री टीव्हीवर बातमी आली, कोच फ्रँक सोलिचला काढला. सोलिच म्हणजे घरचाच माणूस, इथंच खेळलेला, ओस्बोर्नच्या हाताखाली वर्षानुवर्षं राबलेला, सहा वर्षांत 58 जिंकून 19 हरलेला. आजोबा किचनमध्ये उरलेल्या टर्कीच्या हाडांवरचं मांस सोलून सूपच्या पातेल्यात टाकत होते. आणि मी, तीन महिन्यांचा फॅन, नवा मुल्ला, म्हणालो, "गुड डिसिजन सर. 9-3 इज नॉट नेब्रास्का. कॅन्सस स्टेटनं घरात येऊन 38-9 मारलं आपल्याला."

'आपल्याला' म्हणालो मी.

त्यांनी हात थांबवले. नॅपकिननं एकेक बोट पुसलं. टीव्ही बंद केला. "नाइन अँड थ्री," एवढंच म्हणाले आणि वर झोपायला गेले. पातेलं तसंच. गॅस मीच बंद केला.

पुढच्याच वर्षी 5-6. 1961 नंतर पहिल्यांदा निम्म्यापेक्षा जास्त मॅच हरलो, टेक्सस टेकनं 70-10 धुतलं, सलग 35 वर्षं बोल गेम खेळणारी टीम घरी बसली. आजोबा एकदाही म्हणाले नाहीत की बघ, सांगत होतो. म्हणाले असते तर बरं झालं असतं.

आता तुम्ही म्हणाल, एका कोचवरून एवढं? आणि तुझ्या म्हणण्यानं थोडाच काढला त्याला? नाही. पण तेव्हाचा मी भेटला तर कानाखाली वाजवीन. तोही गप्प बसणार नाही म्हणा, 2002 मध्ये 7-7 झालं होतं, घसरण तेव्हाच लागली होती म्हणेल, आणि ते खोटं नाही.

आमचं सगळं सोवळ्यातलं होतं असंही नाही हां. 95 मध्ये आमच्या टीमच्या लॉरेन्स फिलिप्सनं आधीच्या मैत्रिणीला मारहाण केली, ओस्बोर्ननं त्याला सहा मॅच बाहेर बसवून परत घेतलं, आणि त्याच टीमनं फायनलला फ्लोरिडाला 62-24 हरवलं. ते हायलाइट्स मी अजून बघतो. का, ते मला धड सांगता येत नाही.

आणि शहाणा झालो म्हणावं तर 2022 चा सप्टेंबर. तुमच्या आरतीला आलो नव्हतो ना, तेव्हा स्टेडियममध्ये होतो. जॉर्जिया सदर्नसारख्या लहान टीमनं आमच्याच घरात 45-42 हरवलं. कोच स्कॉट फ्रॉस्ट, 97 च्या टायटलचा आमचा क्वार्टरबॅक, म्हणजे मैदानात डाव चालवणारा, पुन्हा घरचाच माणूस. आजोबा तोवर राहिले नव्हते, त्यांच्या तिकिटांवर त्यांची मुलगी आणि मी जातो. आजूबाजूचे ओरडत होते, हाकला याला. मी पण ओरडलो, घसा बसेपर्यंत. दुसऱ्या दिवशी दुपारी खरंच हाकलला. आजोबांच्या मुलीचा मेसेज आला, नुसता स्कोअर. मी उत्तर टाइप केलं, पुसलं, परत टाइप केलं.

यंदाच्या गणपतीचं म्हणाल तर दुपारची मॅच असली तर आरतीला पोचतो. रात्रीची असली तर चार मोदक बाजूला काढून ठेवा.