पाऊस पडू देणारा मांत्रिक

उर्सुला ले ग्विन यांची 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' ही कादंबरी १९६८ सालची, दोनशेच्या आसपास पानांची. जादूवरचं याहून चांगलं पुस्तक मी वाचलेलं नाही, आणि तरी माझं तिच्याशी एक भांडण आहे.

आधी चांगलं सांगते. गेड नावाचा शेळ्या राखणारा पोरगा ओगियन या थोर मांत्रिकाचा शिष्य होतो. गुरूबरोबर डोंगरातून जाताना पाऊस गाठतो. त्या मुलखातले साधे मांत्रिकसुद्धा मंत्र म्हणून ढग पलीकडं ढकलतात. पलीकडचा मांत्रिक तोच ढग आणखी पुढं ढकलतो, असं करत बिचारा ढग शेवटी समुद्रावर जाऊन मोकळा होतो. ओगियन तसं काही करत नाही. पाऊस पडू देतो आणि दाट झाडाखाली जाऊन निजतो. पोरगा भिजत, चरफडत बसतो: वापरायचीच नसेल तर एवढी विद्या काय कामाची?

हे वाचताना मी पुस्तक मिटून बसले होते. माझं माहेर जांबोटीच्या पलीकडं, खानापूर तालुक्यात. तिथं जूनमध्ये लागलेला पाऊस गणपती आले तरी हटत नाही. लग्नानंतर नवऱ्याच्या नोकरीमुळं सौंदत्तीला राहिले. जिल्हा तोच, बेळगाव, पण काळ्या रानात ज्वारी पेरून लोक आभाळाकडं बघत बसलेले. मलप्रभा आमच्या कणकुंबीत उगम पावते आणि सौंदत्तीजवळ नविलतीर्थाच्या धरणात अडते. रोक बेटावरच्या शाळेत गेडला शिकवतात की इथं पाडलेला पाऊस दुसऱ्या बेटावरचा दुष्काळ ठरू शकतो. मला लगेच कळसा-भांडुरा प्रकल्प आठवला. गोव्याकडं वाहणाऱ्या म्हादईच्या खोऱ्यातलं पाणी मलप्रभेत वळवायचं म्हटलं की इकडं आशा आणि गोव्यात धास्ती. आमच्या भागातल्या माणसाला हे मंत्र-तंत्र परकं वाटायचं कारणच नाही.

जादूला किंमत असते, हे ले ग्विन इतक्या कमी शब्दांत पटवतात की थक्क व्हायला होतं. जॅस्पर या मुलापुढं मोठेपणा मिरवायला गेड मेलेल्या बाईला बोलावतो, त्या फटीतून एक काळी सावली जगात शिरते, आणि ती फट बुजवताना म्हातारे कुलगुरू जीव गमावतात. सगळं दोन-तीन पानांत. एकही वाक्य फुकट नाही. शिवाय नायक तांबूस काळसर रंगाचा, त्याचा जिवलग मित्र व्हेच काळा, आणि गावं जाळत येणारे हल्लेखोर गोरे. १९६८ साली अमेरिकेत हे लिहिलं गेलं, याचं मला फार अप्रूप आहे.

आता भांडण. नियम सांगितला, पण पलीकडच्या बेटावर कुणाचं शेत वाळलं ते दिसत नाही. किंमत मोजतो तो बहुतेक वेळा गेड स्वतः, नाहीतर त्याच्या जवळचं कुणीतरी. उत्तरार्धात त्या सावलीच्या मागावर निघालेली गेडची होडी बेटामागून बेट मागं टाकत जाते. नावं येतात, माणसं उमटायच्या आत निघून जातात. अपवाद लो टॉर्निंगचा. तिथं होडी बांधणाऱ्या शेजाऱ्याचं आजारी पोर वाचवायला गेड मृत्यूच्या हद्दीपर्यंत धावतो, आणि पोर हाती लागत नाही. त्या घरातलं दुःख खरं आहे. तिथं आणखी वीस पानं असती तर मी आनंदानं वाचली असती.

दुसरी गोष्ट जास्त बोचते. बायकांची जादू दुबळी आणि दुष्ट, अशी म्हणच गेडच्या बेटावर आहे, आणि कादंबरी तिला कुठं धक्का लावत नाही. गेडला पहिले मंत्र देणारी मावशी अडाणी ठरवून बाजूला पडते. रोकच्या शाळेत मुलगी नाही. मोठं काम मिळालेली एकच बाई, सेरेट, ती भुरळ घालणारी. माझी आजी गावातल्या बाळंतिणींना पाला-मुळ्या द्यायची, डॉक्टर खानापूरला असायचा तेव्हा. त्या मावशीला इतकं हलकं लेखलेलं मला सोसत नाही. ले ग्विन यांनाही पुढं ते सोसलं नसावं. १९९० साली 'तेहानू' लिहून त्या याच जगात परतल्या आणि ते एका मध्यमवयीन शेतकरीण विधवेच्या डोळ्यांनी दाखवलं.

व्हेचची चौदा वर्षांची बहीण यॅरो मात्र मला फार आवडते. प्रवासात कोरडी भाकर कशाला न्यायची, मंत्रानं पक्वान्न करून का खात नाही, असं ती सरळ विचारते. शब्दांनी पोट भरत नाही, असं तिला कळतं. जादूबद्दलचा सगळ्यात नेमका प्रश्न तिचा, आणि तिच्या वाट्याला पानं मोजकीच.

नववीच्या वर्गाला मी ही गोष्ट मराठीतून सांगते, आणि यॅरोपाशी आले की मुली बोलायला लागतात. ती का नाही गेली गेड आणि व्हेचबरोबर होडीतून, हा त्यांचा प्रश्न. त्यांना 'तेहानू' द्यायला हवं. पण त्यातल्या लहान मुलीवर झालेला अत्याचार या वयाला कसा सांगायचा, हे अजून ठरत नाही. कुणी शिक्षकांनी वर्गात घेतलं असेल तर मला जरूर कळवा.