आमची वाटचाल : 'त'वरची शाओशिंगची रेघ

आम्ही मूळचे इचलकरंजीचे, घरात दोन पिढ्या यंत्रमाग. चीनमध्ये झेजियांग प्रांतातल्या शाओशिंगला, तिथल्या केछ्याओ भागात, मी एका कापड निर्यातदाराकडे नोकरीला आलो. इथल्या अवाढव्य कापडबाजारात भारतीय व्यापारी पुष्कळ, त्यामुळे सुरुवातीला हिंदीवर निभावलं. पुढे स्वतःचं काम सुरू केलं : भारतातल्या गिऱ्हाइकांचा माल कंटेनरमध्ये चढण्याआधी तपासून द्यायचा. तागा मशीनवर दिव्याखाली उलगडायचा आणि फोर-पॉइंट पद्धतीने, म्हणजे दोषाच्या लांबीप्रमाणे एक ते चार गुण देत, दोष मोजायचे. 100 चौरस वारांमागे 40 च्या वर गुण गेले की तागा बाजूला.

लोगोचा विषय निघाला तेव्हा डिझायनरने रिळं, सुया, धोटे अशी चित्रं पाठवली. चांगली होती, पण कुठल्याही कापडदुकानावर खपली असती. आणि आम्ही राहतो कुठे, तर थोर चिनी सुलेखनकार वांग शीझींच्या गावात! शहराच्या नैऋत्येला लानटिंग आहे. इ.स. 353 मध्ये तिथल्या कविमेळ्यात त्यांनी कवितांना प्रस्तावना लिहिली. मूळ प्रत गेली, तांग काळातल्या नकला उरल्या. त्यात एकच अक्षर वीसदा येतं आणि दर वेळी त्याचं वळण निराळं. यंत्राच्या मालात आम्ही दिवसभर सारखेपणा शोधतो, म्हणून असेल, मला ते फार भावलं.

ओळखीच्या एका निवृत्त शिक्षकांना, आमच्या लाओशींना, एक आडवी रेघ मागितली. कुंचला टेकवताना त्यांनी टोक किंचित डावीकडे नेऊन आत दडवलं, मग दाब देत उजवीकडे ओढलं, शेवटी क्षणभर थांबून मागे वळवलं. शुआन हा सुलेखनाचा चिनी कागद शाई लगेच पितो, त्यामुळे रेघ पुन्हा गिरवता येत नाही. शाई सरत आली तशा रेघेत पांढऱ्या तारा उमटल्या. त्याला इथे फेइबाई म्हणतात. आम्हाला त्यात मागाच्या बीमवर ताणलेलं सूत दिसलं.

तीच रेघ आमच्या नावातल्या 'त'ची शिरोरेघ झाली. खालचं अक्षर बोरूच्या वळणाचं. बोरूचं टोक तिरकं छाटलेलं, त्याची जाडी-बारकाई हाताच्या कोनावर ठरते. कुंचल्यात सगळा खेळ दाबाचा. हे दोन्ही एकत्र नांदवणं हेच खरं काम होतं. चिनी रेघ उजवीकडे जराशी चढती असते. डिझायनरने ती सपाट केली आणि तिचा जीवच गेला. मग चढ तसाच ठेवला, 'त'चा दंड मात्र ओळंब्यात घेतला. चिनी सुलेखनावर असतो तसा लाल शिक्का घालायचा मोह टाळला. तो इथे प्रत्येक चहाच्या डब्यावर आहे.

ताग्यावरच्या छोट्या स्टिकरवर त्या पांढऱ्या तारा बुजतात, म्हणून तिथे भरीव रेघ वापरतो. लाओशींना मोबदला देऊन त्यांची लेखी परवानगी घेतली. चीनमध्ये ट्रेडमार्क आधी अर्ज करणाऱ्याचा, म्हणून पाटी रंगवण्याआधीच अर्ज दाखल केला.