दुपट्यासाठी सुती पातळ ओळखताना

जुन्या पातळांच्या गोधड्या मी गेली काही वर्षं शिवते. बाळाच्या दुपट्याला मात्र निव्वळ सूतच हवं. गाठोड्यातून येणारी पातळं धुऊन धुऊन इतकी मऊ झालेली असतात, की सुती कुठलं आणि टेरीकॉट (सूत आणि पॉलिएस्टरचं मिश्रण) कुठलं हे हाताला कळत नाही. म्हणून मोबाइललाच सूक्ष्मदर्शक करायचं ठरवलं.

बंद पडलेल्या लेझर पॉइंटरमधलं इवलंसं भिंग केसांच्या पिनेत धरून कॅमेऱ्यावर चिकटपट्टीने बसवलं. हे भिंग अगदी जवळचंच पाहतं, बोट हललं तरी चित्र जातं. मग फोन पुस्तकांच्या दोन थप्प्यांवर आडवा ठेवला आणि खालची काचपट्टी कागदाचे कपटे सारून वर-खाली केली. उजेडाला बटर पेपर लावलेली बॅटरी.

पहिल्या दिवशी दिसलं ते नुसतं काळं दांडकं. अख्खा धागाच ठेवला होता, त्यातून उजेड पार जाणार कसा? पीळ उलगडून सुईने तंतू सुटे केले, पाण्याचा थेंब टाकला, तरी कडा जाड काळ्याच. औषधाच्या दुकानातलं ग्लिसरीन वापरलं तेव्हा सावली ओसरली, कारण ग्लिसरीनमध्ये प्रकाश जवळजवळ तंतूइतकाच वळतो. या खटाटोपात भिंगापेक्षा हा थेंब महत्त्वाचा, असं माझं ठाम मत आहे.

आणि मग कापूस दिसला! चपटी फीत, ठिकठिकाणी पिळवटलेली. बोंड उकललं की तंतू वाळतो, आतली पोकळी दबते, म्हणून हे पीळ. जाडी जेमतेम १२ ते २० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). पॉलिएस्टर मात्र काचेच्या कांडीसारखं सरळ. घरात सगळे सुती म्हणत त्या एका पातळाच्या एकाच धाग्यात दोन्ही शेजारी शेजारी निघाले. उभा आणि आडवा धागा वेगवेगळा तपासायचा, हे तेव्हापासून.

शिवणाच्या सुती दोऱ्याने मात्र चकवलं. तंतू गोल, पीळ जवळजवळ नाहीत. दुकानदाराने फसवलं असंच वाटलं. टोक जाळून पाहिलं, तर कागद जळल्याचा वास आणि भुरभुरीत राख, वितळलेली गाठ नाही. दोरा मर्सराइज्ड, म्हणजे कॉस्टिक सोड्यातून काढलेला होता. कॉस्टिक सोड्यात कापसाचा तंतू फुगून गोल होतो. इंग्रज रसायनतज्ज्ञ जॉन मर्सर यांनी १८५० साली या प्रक्रियेचं पेटंट घेतलं होतं. तेव्हा गोल तंतू दिसला की आता आधी काडी पेटवते.

काल दुपट्यासाठी काढलेलं पातळ तपासलं. उभे-आडवे, सगळे तंतू पिळवटलेले.