एक हजार एकोणनव्वद

रात्रीचे पावणेदोन वाजलेत, झोप येत नाहीये, म्हणून लिहितेय.

काल मैत्रिणीने फोटो टाकले, तिच्या एकटीच्या चित्रांचं पहिलं प्रदर्शन. आम्ही दोघी एकाच बाकावर बसून चित्रं काढायला शिकलो, रंगसुद्धा वाटून घ्यायचो, तिचा निळा नेहमी आधी संपायचा मग माझा ती वापरायची. मी खाली 'खूप खूप अभिनंदन' लिहिलं, तीन बदाम टाकले आणि फोन पालथा ठेवला. ते अभिनंदन खरं होतं, हे आधी लिहून ठेवते. पण पाचच मिनिटांत मी फोन परत उचलून फोटोतल्या भिंतीवरची चित्रं मोजायला लागले, बावीस भरली, आणि मग माझी पूर्ण झालेली किती ते आठवायला लागले, तर चार, हेही तेवढंच खरं.

मत्सर म्हणावं तर तो षड्रिपूंतला, फार मोठा शब्द वाटतो, तिचं काही जावं असं मला एकदाही वाटलेलं नाही. हेवा म्हणू. पण सगळ्यात बरोबर आपलं साधं 'पोटात दुखणं'च, कारण खरंच तिथेच दुखतं, बरगड्यांच्या खाली, कोणीतरी मूठ आवळल्यासारखं.

आज दुपारी भाची आली होती. नऊ वर्षांची आहे, सध्या आकड्यांच्या जादूचं वेड लागलंय. "मावशी, तीन आकडी संख्या मनात धर, मला सांगू नको." मी 852 धरली. "आता उलटी कर आणि मोठीतून लहान वजा कर." 852 मधून 258 गेले, 594. "आता ते पण उलटं कर आणि त्यातच मिळव." 594 आणि 495. तिने डोळे मिटून घेतले आणि म्हणाली, "एक हजार एकोणनव्वद." बरोबर! मी दुसरी संख्या धरली, तिसरी धरली, दर वेळी 1089.

ती खेळायला गेल्यावर मी कागद घेऊन बसले, कारण कळल्याशिवाय चैन पडेना. संख्या उलटून वजा केली की मधल्या अंकाचा काही संबंधच राहत नाही, उरते ती 99 ची पट, म्हणजे 198, 297, 396 असं करत 891 पर्यंत (नुसते 99 आले तर ते 099 असे लिहायचे). या सगळ्यांत मधे 9 असतो आणि कडेच्या दोन अंकांची बेरीजही 9 च होते. मग उलटून मिळवल्यावर 1089 शिवाय दुसरं येणार काय! माझ्या 852 ला त्या उत्तरात काही जागाच नव्हती. उत्तर संख्येत नव्हतंच, रीतीत होतं.

हे लिहिताना हात थांबला. कारण रात्री पडल्या पडल्या मी जी वजाबाकी करते तीही अशीच आहे. संख्या रोज वेगळी, कधी चित्रं, कधी पगार, कधी कोण कुठे फिरून आलं, पण रीत ठरलेली, मैत्रिणीचं सगळ्यात चांगलं वर मांडायचं आणि माझं सगळ्यात वाईट खाली. उत्तर रोज एकच.

आणि हे नुसतं माझ्या मनाचंही नाही. 1991 साली, म्हणजे माझ्या जन्माच्या वर्षी, स्कॉट फेल्ड नावाच्या समाजशास्त्रज्ञाने दाखवलं की सरासरी बघितली तर आपल्या मित्रांना आपल्यापेक्षा जास्त मित्र असतात. चार जणांवर करून बघितलं. एकीच्या तिघी मैत्रिणी, बाकी तिघींची फक्त तीच मैत्रीण. दर माणशी मैत्रिणी आल्या दीड. पण प्रत्येकीला विचारलं की तुझ्या मैत्रिणीला किती मैत्रिणी, तर तिघी सांगणार तीन आणि मधली सांगणार एक, सरासरी अडीच. कोणी खोटं बोललं नाही तरी चारातल्या तिघींना आपण कमी आहोत असंच दिसणार! ज्यांचं वर्तुळ मोठं ते जास्त जणांना दिसतात, एवढीच गोष्ट. मी हे तीनदा मांडून बघितलं. खूप हलकं वाटलं, खरंच.

मग ओघाने कापरेकर आठवले. द. रा. कापरेकर, देवळालीला शाळेत शिकवायचे, आयुष्यभर आकड्यांशी खेळले, त्या खेळाला गणित मानायला अनेक जण तयार नव्हते. 1975 मध्ये गणिताच्या खेळांवर लिहिणाऱ्या मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतल्या मासिकात त्यांच्यावर लिहिलं तेव्हा ते सत्तर वर्षांचे होते. त्यांची रीत अशी, चार आकडी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत, त्याच अंकांची मोठ्यात मोठी संख्या करा, त्यातून लहानात लहान वजा करा, उत्तराचं परत तेच. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत 6174 येतं आणि मग तिथेच थांबतं. वजाबाकीच आहे, मोठ्यातून लहानच जातंय, पण दोन्ही संख्या एकाच अंकांच्या.

माझं जन्मवर्ष घातलं. 9911 वजा 1199, 8712. मग 7443, 3996, 6264, 4176 आणि 6174. सहा पायऱ्या. मग मैत्रिणीचं घातलं, 1990. 9711, 8532, 6174. तीन.

आणि मला परत टोचलं. तिला तीनच लागल्या. इतकं सगळं समजून, कागदावर मांडून, त्याच कागदावर टोचलं! कितीतरी वेळ त्या दोन रकान्यांकडे बघत बसले होते.

संध्याकाळी भाची निघताना मी म्हटलं, चल आता तू धर संख्या, मी ओळखते. तिने 454 धरली, उलटी केली, वजा केली आणि गोंधळून माझ्याकडे बघितलं. "मावशी, शून्य आलं. आता उलटं काय करू?"