धुवारीतला पंचनामा

जानेवारीतल्या त्या सकाळी साडेसातच्या सुमारास पोलीस पाटलांचा निरोप आला की, वर्धा नदीकाठी मी तलाठी असलेल्या साझ्यातील एका तुरीच्या शेतात लहान खासगी विमान कोसळले आहे. धुवारी, म्हणजे धुके, इतकी दाट होती की पांदण रस्त्यावर मोटारसायकल हातात धरून चालावे लागले. विमानात वैमानिक एकटाच होता आणि तो जागीच गेला होता.

घटनास्थळाचा पंचनामा पोलिसांचा, पीकनुकसानीचा माझा. जीव वाचवण्यापुरते सोडले तर अवशेष हलवायचे नसतात. तरीही फोटो काढण्यासाठी आलेल्या गर्दीने विमानापेक्षा कितीतरी अधिक तूर तुडवली, याचा संताप अजून जात नाही.

विमान प्रथम पाहणारा शेतकरी रानडुकरांपासून पीक राखायला रात्रीच्या जागलीला माळ्यावर, म्हणजे मचाणावर, होता. त्याच्या जबाबात शिपायाने ‘हलके धुके होते’ एवढेच उतरवले. माणसाचा जीव गेलेल्या ठिकाणी असे मोघम लिहिणे मला मान्य नव्हते. माळ्यावरून काय दिसत होते, असे मी विचारले, तेव्हा धुऱ्यावरची (बांधावरची) बाभूळही दिसत नव्हती, असे तो म्हणाला. कोतवाल आणि मी ३० मीटरची टेप सरीतून सरळ ताणत नेऊन ते अंतर मोजले. ते १४२ मीटर भरले. आमच्या छापील नमुन्यात हवामानाचा रकाना नाही, म्हणून मी ते शेऱ्यात लिहिले आणि गटाच्या कच्च्या नकाशावर माळा व बाभूळ दाखवली. दुसऱ्या दिवशी आलेल्या तपास अधिकाऱ्यांनी तो आकडा उतरवून घेतला. नजरेच्या भरवशावर उडताना साधारणतः ५ किलोमीटरपर्यंतचे दिसावे लागते, असे त्यांनी सांगितले, आणि पिळवटलेली पंख्याची पाती दाखवून आदळताना इंजिन चालू असल्याचे समजावले.

आवाज दोनदा डोक्यावरून गेला, असे तो शेतकरी सांगत होता. सही करताना त्याने हळूच विचारले, “साहेब, माह्या शेकोटीनं त्याले चकवलं तं नसन ना?” बाभूळ दिसत नव्हती तिथे शेकोटी कुठून दिसणार, असे मी त्याला समजावले. परंतु माझे माप जमिनीवरचे, आडवे होते; डोक्यावरून खाली पाहणाऱ्याला काय दिसले असेल, हे त्या टेपने मोजले नव्हते. तो आजही जागलीला जातो, पण शेकोटी पेटवत नाही.