फॉर्मॅट सरकला

आमच्या टायपिंगच्या धंद्यात एक वाक्य दिवसातून दहा वेळा तोंडात येतं, "फॉर्मॅट सरकला." पेनड्राइव्हवरून फाइल उघडली, सरकला. व्हॉट्सॲपवर पाठवलेली फाइल समोरच्याने दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडली, सरकला. गिऱ्हाईकही वाद घालत नाही. त्या सोमवारी मी हेच वाक्य बोलले आणि ते खोटं होतं.

तहसील कचेरीसमोर माझं टायपिंग-झेरॉक्सचं छोटं दुकान आहे, सातारा जिल्ह्यात. मराठी तीसची, म्हणजे मिनिटाला तीस शब्दांची टायपिंगची परीक्षा मी मॅन्युअल मशीनवर दिलेली. तिथे सहीची ओळ म्हणजे शिफ्ट दाबून एकच कळ पंचवीस-तीस वेळा ठोकायची. कॉम्प्युटर आला, श्रीलिपीचे फॉन्ट आले, मग युनिकोड, मग गुगल डॉक्स. ठोकायची सवय काही जाईना. आमच्या लायनीतली निम्मी दुकानं अजून अंडरस्कोअरच ठोकतात. अरे, ती रेघ नाही, ती अक्षरं आहेत! त्यावर नाव टाइप करायला गेलं की नाव रेघेवर बसत नाही, रेघेलाच पुढे ढकलतं आणि तिचं शेपूट खालच्या ओळीत पडतं. फॉन्ट बदलला की लांबीही बदलते. 'मुक्ता'मध्ये बेतून बसवलेली ओळ कुणी 'मंगल'मध्ये उघडली की संपलीच.

इन्सर्ट मेनूतली हॉरिझॉन्टल लाइन या समासापासून त्या समासापर्यंत सरळ जाते. नोटिशीच्या मथळ्याखाली ठीक, चार सह्यांना काय कामाची? ड्रॉइंगमधून काढलेली रेघ चित्र म्हणून बसते. वर दोन ओळी वाढल्या की ते चित्र कुठे जाऊन बसेल सांगता येत नाही, आणि मोबाइलवरून ती दुरुस्तही करता येत नाही. अंडरलाइन तर मराठीला शोभतच नाही. 'कुलमुखत्यारपत्र' अधोरेखित करून बघा, दोन्ही उकारांच्या शेपटांतून रेघ आरपार जाते. मथळ्याला मी पॅराग्राफची खालची बॉर्डर देते, अक्षरापासून तीन-चार पॉइंट सोडून. उकार मोकळे राहतात. हे कुणी मला शिकवलेलं नाही, आणि याचे जास्तीचे पैसेही कुणी देत नाही.

सह्यांसाठी टेबल. एका माणसाला एक आडवी ओळ, डावीकडे नाव, उजवीकडे सहीची जागा. सगळ्या कडांची जाडी शून्य, फक्त सहीच्या घराची तळाची कड अर्धा पॉइंट, काळी. टेबलच्या प्रॉपर्टीजमध्ये ओळीची उंची ठरवून टाकायची, म्हणजे अंगठा द्यायचा तरी जागा पुरते. तिथेच ओळ दोन पानांत फुटू देण्याची खूण असते, ती काढायची. नाव एका पानावर आणि सही दुसऱ्या पानावर असं मग होत नाही. छापल्यावर टेबल दिसतच नाही, नुसत्या चार बारीक रेघा दिसतात. माझ्या टेबलातली ओळ आपोआप सरकत नाही, एवढं मी छातीठोक सांगू शकते. घोटाळा तिथेच झाला.

तिघे भाऊ आणि एक बहीण. वडिलोपार्जित जमिनीच्या वाटपाचा अर्ज, जमीन महसूल अधिनियमाच्या कलम ८५ खाली. वाटप सगळ्यांच्या संमतीने, म्हणून अर्जावर सगळ्या सहधारकांच्या सह्या हव्या होत्या. बहिणीला वाटा धरलेला होता, हे मी मुद्दाम सांगतेय. महाराष्ट्रात मुलींच्या हक्काचा कायदा १९९४ चा, केंद्राचा २००५ चा, तरी माझ्याकडे बहिणींच्या नावाने येतात ती बहुतेक हक्कसोडपत्रंच. मधले चाकणला नोकरीला, त्यांना मजकूर वाचायचा होता. म्हणून चौघांच्या जीमेलवर डॉक शेअर केलं, आणि करताना सगळ्यांना 'एडिटर' केलं, म्हणजे मजकूर कुणीही बदलू शकतो. 'कमेंटर' करायला हवं होतं, म्हणजे नुसती सूचना लिहिता येते. एवढी एक चूक माझी, बिनशर्त.

शनिवारी संध्याकाळी सगळ्यांचं "ओके" आलं. सोमवारी साडेदहाला चौघंही दुकानात हजर. ताई पहाटेच्या एसटीने इचलकरंजीहून आलेल्या. सकाळीच थोरल्यांनी एक गट नंबर दुरुस्त करायला सांगितला, तो केला आणि प्रिंट दिली. ताईंनी शेवटचं पान घेतलं, पाहिलं, उलटून मागची बाजू पाहिली.

"माझी ओळ कुठंय गं?"

तीन नावं, तीन रेघा, खाली तारीख आणि ठिकाण. मध्ये कुठे मोकळी जागासुद्धा नाही. पहिल्या पानावर अर्जदार क्रमांक ४ म्हणून त्यांचं नाव मात्र होतं तसंच.

"फॉर्मॅट सरकला असेल, थांबा हं," मी म्हटलं. तोपर्यंत मलाही तसंच वाटत होतं.

माझा स्क्रीन काउंटरच्या आत, माझ्याकडे तोंड करून असतो. व्हर्जन हिस्ट्री उघडली, तिथे कुणी कधी काय बदललं ते दिसतं. रविवार, रात्री अकरा सत्तेचाळीस, धाकट्यांचं खातं. ताईंच्या नावावर धाकट्यांच्या खात्याच्या रंगाची काट.

आता हे बाहेरच्याला कळणार नाही. टेबलातलं नाव चुकून पुसलं गेलं तर नाव जातं, घर आणि रेघ तिथेच राहते. अख्खी ओळ जायची तर मोबाइलवर त्या घरात बोट ठेवून टेबलचे पर्याय उघडावे लागतात आणि 'डिलीट रो' निवडावं लागतं. झोपेत बोट लागून असं होत नाही.

पण फोन धाकट्यांचा असला तरी चालवतो त्यांचा मुलगा, त्याच आठवड्यात त्यानेच मला त्यावरून दोनदा मेसेज केलेला. शिवाय काढायचीच होती तर पहिल्या पानावरचं नाव का ठेवलं? आत्या वेगळ्या कागदावर सही करणार आहे असं कुणी त्या पोराला सांगितलं असेल का? हा हिशोब मी तेव्हा दहा सेकंदांत केला आणि नंतर किती वेळा केला ते मोजलेलं नाही.

मी मान वर केली. धाकटे भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होते.

"फॉर्मॅटच सरकला," मी पुन्हा म्हटलं. या वेळी सगळं माहीत असून.

शनिवारचं व्हर्जन परत आणलं असतं तर सकाळची दुरुस्ती गेली असती, म्हणून नवी ओळ घातली. नाव टाइप केलं, तळाची कड हाताने दिली, शेवटचं पान पुन्हा छापलं. थोरल्यांनी सही केली, मधल्यांनी केली, धाकट्यांनीही केली, काही न बोलता. ताई शेवटी. त्या ब्लाउज शिवतात. सही करण्याआधी त्यांनी चारही रेघांवरून नजर फिरवली आणि मग आपल्या रेघेवर नख टेकवलं.

"ह्यांच्या बारीक आहेत. माझीच जाड कशी?"

घाईत जाडी बदलायची राहून गेली होती. तीन रेघा अर्ध्या पॉइंटच्या, त्यांची एकाची.

"प्रिंटरचं असेल हो," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग सही केली, पूर्ण नाव लिहून. प्रिंटरमध्ये टोनर महिन्यापूर्वीच नवा घातलाय आणि त्याच्या रेघा एकसारख्या येतात.