बाबांची जांभई

नागपूर, मे महिना, रात्री उशिरा

फिजिओथेरपीवाल्या ताईंना आज विचारूनच घेतलं. म्हणाल्या, "हो, दिसतं असं काही पेशंटमध्ये. जांभई आली की लुळा हात आपसूक उठतो."

काल दुपारी कूलरसमोर नेमकं हेच झालं. बाबांना मोठी जांभई आली. उजव्या हाताने त्यांनी सवयीप्रमाणे तोंडासमोर चुटकी वाजवली, आणि अर्धांगाचा झटका आल्यापासून मांडीवर पडून असलेला डावा हात कोपरात वाकून छातीपर्यंत वर आला. बोटंही जराशी सुटली. जांभई ओसरली तसा हात खाली उतरला. आई ओरडलीच, "अगं, हात उठून राहिला पाहा यांचा!" मग त्यांना म्हणाली, "अहो, पुन्हा उचला ना." बाबांनी दातओठ आवळून जोर लावला. बोटसुद्धा हललं नाही. आईची आशा आणि बाबांचा उतरलेला चेहरा, दोन्ही एकदम पाहणं जड गेलं.

म्हणून वाचत बसले. फ्रेंच डॉक्टर ओलिव्हिए वालुसिन्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली अशाच रुग्णांबद्दल लिहिलं आहे. मनात आणून हात हलवायचा तर हुकूम मेंदूच्या वरच्या थरातून निघतो. बाबांची तीच वाट तुटली आहे. जांभई मात्र खालून, मेंदूच्या बुंध्याकडून येते. ती वाट फार जुनी. पोटातलं बाळसुद्धा जांभई देतं, सोनोग्राफीत दिसतं. तेव्हा हात उठला म्हणजे हात परत आला असं नाही. आईला हे सांगताना माझा आवाज कापला, पण सांगितलं. खोटी आशा तिला नंतर जास्त छळेल.

ऑक्सिजन कमी पडला की जांभई येते, हे शाळेपासून ऐकलेलं. ते खरं नाही. अमेरिकेतल्या रॉबर्ट प्रोव्हाइन यांनी १९८७ मध्ये विद्यार्थ्यांना शुद्ध ऑक्सिजन दिला, कार्बन डायऑक्साइड वाढवलेली हवाही दिली. श्वासाचा वेग बदलला, जांभया तेवढ्याच राहिल्या. मग येते कशाला? अमेरिकेतलेच संशोधक अँड्र्यू गॅलप म्हणतात, मेंदू थंड करायला. अ‍ॅरिझोनातल्या टूसॉनमध्ये त्यांनी वाटसरूंना जांभई देणाऱ्यांचे फोटो दाखवले. हिवाळ्यात साधारण २२ अंशांना जवळजवळ निम्म्या लोकांना जांभई आली, उन्हाळ्यात ३७ अंशांना पाव लोकांनाही नाही. बाहेरची हवा अंगाइतकीच तापली की ती आत ओढून फायदा काय! सगळ्या शास्त्रज्ञांना हे पटलेलं नाही, पण नागपूरच्या मे महिन्यात बसून वाचताना मला पटतं. बाबा पडवीत असले की जांभई नाही. आत आणून कूलर लावला, खसच्या ताट्या भिजल्या, की सुरू.

मला खरं लागलं ते वेगळंच. इथल्याच महाल भागातले काका भेटायला आले होते. बाबांनी दोनदा जांभई दिली आणि काका उठले, "थकलात, पडा आता." बाबांना तर माणसं हवी असतात! त्या दिवसापासून कुणी समोर असलं की ते जांभई ओठांत दाबून धरतात, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. कचेरीत साहेबांसमोर आयुष्यभर तेच केलं. चरकसंहितेत अडवू नयेत असे तेरा वेग, म्हणजे शरीराच्या आपसूक येणाऱ्या ऊर्मी, सांगितले आहेत, त्यांत जांभई आहे. दोघांना ते वाचून दाखवलं. बाबांनी मान हलवली. आईला वाचता वाचताच जांभई आली, पाठोपाठ त्यांना. जवळच्या माणसाची जांभई परक्यापेक्षा लवकर लागते, हे इटलीतल्या अभ्यासकांनी २०११ मध्ये दाखवलं आहे.

काकांना आत्ताच फोन केला. रविवारी या म्हटलं, जेवायलाच या, आणि बाबांनी कितीही जांभया दिल्या तरी उठायचं नाही.